परसातल्या कोई-तळ्याचा वसंत आणि एपीआयची पाणी-तपासणीची पेटी

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या राज्यांत परसातल्या तळ्यात कोई (शोभेचे रंगीत मासे) पाळणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आता बरीच आहे, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की, मासे एकदा हिवाळ्यातून तरले म्हणजे धोका टळला. वस्तुस्थिती याच्या जवळजवळ उलट आहे. तळ्यावर बर्फ असताना मासे तळाशी स्वस्थ असतात, काही खात नाहीत आणि फारसे काही उत्सर्जितही करत नाहीत. खरी कसोटी लागते ती मार्चअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत, पाणी हळूहळू तापू लागते तेव्हा. या काळात तळ्याच्या सामानाची दुकाने जीवाणूंच्या बाटल्या, गाळ विरघळवणाऱ्या पुड्या, औषधे आणि खास वसंत ऋतूचे म्हणून विकले जाणारे खाद्य यांनी भरलेली असतात. गेली काही वर्षे यांतले बरेच काही वापरून पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, वसंतात कोईंसाठी खर्च करायचा पहिला पैसा पाणी तपासण्याच्या पेटीवर करावा, आणि बाकी सर्व खरेदी त्या पेटीने काय सांगितले ते पाहून करावी. या परीक्षणाचा विषय असलेली पेटी म्हणजे एपीआय कंपनीची ‘पाँड मास्टर टेस्ट किट’.

पेटीत थेंबांच्या बाटल्या, झाकणे असलेल्या काचेच्या नळ्या आणि रंग ताडून पाहण्यासाठी छापील तक्ता एवढेच सामान असते. तिच्यातून चार गोष्टी मोजता येतात : पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचे माप), अमोनिया, नायट्राइट आणि फॉस्फेट. सगळ्या मिळून पाचशेच्या आसपास चाचण्या होतात असे कंपनी सांगते, आणि एका तळ्यापुरता विचार केला तर द्रावणे संपण्याआधी त्यांची मुदतच संपेल इतका हा साठा मोठा आहे. किंमत दुकानागणिक बदलते, तरी साधारण २५ ते ३५ डॉलरच्या दरम्यान ती मिळते. एका बऱ्या कोईच्या किमतीपेक्षा ही रक्कम पुष्कळच कमी आहे.

वसंतातच ही पेटी एवढी महत्त्वाची का ठरते, हे समजण्यासाठी तळ्यात त्या वेळी काय घडत असते ते पाहिले पाहिजे. माशांनी कल्ल्यांवाटे सोडलेला अमोनिया फिल्टरमधले जीवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. पहिले दोन पदार्थ माशांना विषारी आहेत आणि तिसरा तुलनेने निरुपद्रवी आहे. हे जीवाणू दहा अंश सेल्सिअसच्या खाली फारच मंदावतात, आणि पाणी तापले तरी त्यांची संख्या पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात, कारण त्यांची वाढ मुळातच सावकाश होते. मासे मात्र ऊन पडल्याबरोबर वर येतात, काठाशी गोळा होतात आणि तोंड उघडून खाणे मागू लागतात. म्हणजे भूक आधी जागी होते आणि पाणी शुद्ध करणारी यंत्रणा मागाहून. त्या मधल्या अंतरात जुने, अनेक वर्षे नीट चाललेले तळेसुद्धा नव्या तळ्यासारखे वागू लागते. अशा पाण्यात अमोनिया किंवा नायट्राइट घातक पातळीला गेले असले तरी पाणी डोळ्यांना नितळच दिसते, कारण दोन्ही पदार्थ पाण्यात विरघळल्यावर त्यांना रंग नसतो. नजरेच्या अंदाजाने तळे सांभाळणाऱ्यांची फसगत नेमकी इथेच होते.

अमोनियाची चाचणी अशी : नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे, पहिल्या बाटलीतले आठ थेंब आणि दुसऱ्या बाटलीतले आठ थेंब टाकायचे, झाकण लावून जोराने हलवायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. पिवळा रंग म्हणजे शून्य, आणि हिरवा जितका गडद तितका अमोनिया अधिक. तक्त्यावरच्या पायऱ्या शून्य, ०.२५, ०.५, १, २, ४ आणि ८ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) अशा आहेत. थेंब सारखे पडावेत यासाठी बाटली अगदी उभी, तोंड सरळ खाली करून धरावी. तिरपी धरल्यास थेंबांचा आकार बदलतो आणि निकालही बदलतो. रंग पाहताना नळी तक्त्याच्या पांढऱ्या भागाला टेकवून दिवसाच्या उजेडात पाहावी. स्वयंपाकघरातल्या पिवळट दिव्याखाली शून्य आणि ०.२५ यांतला फरक कळत नाही, आणि खरे सांगायचे तर भर दुपारीही तो पुष्कळदा वादाचाच राहतो. मला या पेटीत खटकणारी ही एक मर्यादा आहे. मात्र तळ्याच्या कामासाठी ०.२५ की ०.३ हे जाणून घेण्याची गरज नसते. पातळी चढते आहे की उतरते आहे हे कळणे महत्त्वाचे असते, आणि ते ही चाचणी निःसंदिग्धपणे सांगते.

या चाचणीत मिळणारा आकडा एकूण अमोनियाचा असतो, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. त्यांपैकी आयन झालेले रूप माशांना फारसा अपाय करत नाही आणि मुक्त रूप कल्ले जाळते. दोन्हींचे प्रमाण पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर ठरते. एप्रिलच्या सुरुवातीला पाणी १० अंश आणि पीएच ७.५ असेल, तर १ पीपीएम एकूण अमोनियापैकी विषारी भाग जेमतेम अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक असतो. मेमध्ये पाणी २० अंशांवर गेले आणि पीएच ८.५ झाला, तर त्याच १ पीपीएममधला विषारी भाग ११ टक्क्यांपर्यंत पोचतो, म्हणजे तक्त्यावरचा हिरवा रंग तोच असूनही धोका सुमारे एकोणीस पट वाढलेला असतो. म्हणूनच अमोनियाचा आकडा एकटा कधी वाचू नये; त्याच वेळी पीएच मोजावा आणि पाण्याचे तापमानही नोंदवावे. या पेटीत थर्मामीटर नाही. तो वेगळा घ्यावा लागतो, आणि तो पृष्ठभागावर तरंगणारा नसून दोरीने खोल सोडता येणारा असावा, कारण दुपारच्या उन्हाने वरचे वीतभर पाणी तापलेले असते आणि मासे जिथे असतात तिथले पाणी अजून थंडच असते.

नायट्राइटची चाचणी सोपी आहे : पाच मिलिलिटर पाण्यात पाच थेंब, पाच मिनिटे, आणि फिकट निळा रंग जांभळ्याकडे झुकतो का हे पाहणे. वसंतात अमोनियाची पातळी उतरू लागली की अनेकांना हायसे वाटते आणि ते तपासणी थांबवतात, पण नेमका तेव्हाच नायट्राइट चढू लागतो, कारण अमोनिया खाणारे जीवाणू आधी सावरतात आणि नायट्राइट खाणारे त्यांच्या मागून येतात. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतो आणि हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घालवतो. रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असतानाही मासा गुदमरतो. यावर साधा आणि खात्रीचा उपाय म्हणजे मीठ. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो, आणि ०.१ टक्का म्हणजे हजार लिटरला एक किलो एवढे मीठ त्यासाठी पुरते. माझे तळे साधारण सहा हजार लिटरचे आहे, तेव्हा सहा किलो मीठ, आयोडीन न घातलेले, बादलीत विरघळवून, दोन दिवसांत थोडेथोडे करून घालावे लागते. मीठ बाष्पीभवनाने उडून जात नाही, ते फक्त पाणी बदलल्यावर कमी होते. त्यामुळे आधी किती घातले आहे याची नोंद नसताना दुसऱ्यांदा घालू नये. मीठ मोजण्याची सोय या पेटीत नाही.

आता या पेटीतल्या खऱ्या उणिवेकडे येतो. तिच्यात कार्बोनेट कठीणता, म्हणजे केएच, मोजण्याचे द्रावण नाही, आणि माझ्या मते वसंतातल्या तळ्यासाठी ते फॉस्फेटच्या कितीतरी आधी यायला हवे होते. अमोनियाचे नायट्रेट करताना जीवाणू पाण्यातली क्षारता, जिचे केएच हे माप आहे, खर्च करतात : अमोनियातल्या प्रत्येक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. हिवाळाभर बर्फ आणि पाऊस यांचे मृदू पाणी तळ्यात पडून केएच आधीच उतरलेला असतो, आणि जीवाणू जोमाने कामाला लागल्यावर तो संपत जातो. तो पुरता संपला की पीएचला धरून ठेवणारे काही उरत नाही आणि एका रात्रीत पीएच ६ च्या खाली कोसळू शकतो. नुसता पीएच मोजणाऱ्याला आदल्या संध्याकाळपर्यंत सगळे ठीक दिसत असते; केएच मोजणाऱ्याला मात्र उतरता कल दोन आठवडे आधी कळलेला असतो.

एपीआयचीच जीएच (एकूण कठीणता) आणि केएच मोजणारी छोटी पेटी वेगळी मिळते, आणि ती बरोबरच घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. तिची पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात रंगाच्या छटांवरून वाद होत नाही : पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकत जायचे, आणि निळे पाणी पिवळे होईपर्यंत जितके थेंब लागले तितके अंश केएच. एक अंश म्हणजे १७.९ पीपीएम. कोईंच्या तळ्यात सहा अंशांच्या खाली केएच जाऊ देऊ नये, असे मी पाळतो. तो वाढवायचा असल्यास खाण्याचा सोडा पुरतो. हजार लिटरला ३० ग्रॅम सोड्याने केएच सुमारे एक अंश वाढतो. यात एक सावधगिरी मात्र अत्यंत आवश्यक आहे. पीएच खाली गेलेला असताना पाण्यात अमोनिया साचलेला असेल, तर तो आयन झालेल्या, निरुपद्रवी रूपात असतो, आणि सोडा घालून पीएच झपाट्याने वर नेल्यास तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून आधी अमोनियाची नळी पाहावी, अमोनिया असल्यास आधी पाणी बदलावे, आणि सोडा थोडाथोडा करून काही दिवसांत घालावा. घाईने केलेली दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा महाग पडते.

पीएचची चाचणी दिवसातून दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी करावी. एप्रिलमध्ये कमळांची पाने अजून वर आलेली नसतात, त्यामुळे सारा सूर्यप्रकाश शेवाळाला मिळतो. शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषून पीएच वर नेते आणि रात्री तो सोडून पीएच खाली आणते. दोन्ही वेळच्या आकड्यांत मोठे अंतर पडत असेल, तर ते केएच अपुरा असल्याचे लक्षण समजावे. फॉस्फेटच्या चाचणीबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. तिच्यावरून शेवाळ किती माजेल याचा अंदाज येतो, माशांच्या प्रकृतीशी तिचा थेट संबंध नाही.

अमोनियाच्या चाचणीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून अनेक जण या पेटीला विनाकारण दोष देतात. अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असते, आणि क्लोरामाइन म्हणजे क्लोरीन व अमोनिया यांचा संयोग. तळ्यात पाणी भरताना क्लोरीन मारणारे औषध घातले की क्लोरीन जातो आणि अमोनिया उरतो. काही औषधे तो अमोनिया निरुपद्रवी स्वरूपात बांधून ठेवतात, पण एपीआयची चाचणी ज्या सॅलिसिलेट पद्धतीवर चालते ती असा बांधलेला अमोनियाही मोजते. त्यामुळे पाणी बदलल्यावर लगेच तपासल्यास आकडा वाढलेला दिसू शकतो. हा पेटीचा बिघाड नव्हे. यासाठी नळाचे पाणी औषध घालून एकदा वेगळे तपासावे, त्याचा आकडा लिहून ठेवावा आणि तळ्याचे पाणी बदलल्यानंतर एक-दोन दिवसांनी मोजावे. वसंतात एका वेळी १० ते २० टक्क्यांहून अधिक पाणी बदलू नये, कारण नळाच्या आणि तळ्याच्या पाण्याच्या तापमानातला फरकही माशांना सोसवत नाही.

या सर्व मोजमापांचा रोजच्या व्यवहारात सर्वांत मोठा उपयोग खाणे ठरवताना होतो. कोईंना जठर नसते. अन्न सरळ आतड्यात जाते आणि ते पचवण्याचा वेग पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतो. १० अंशांच्या खाली काहीही घालू नये, मासे कितीही मागत असले तरी. सकाळचे, खोलातले तापमान आठवडाभर १० अंशांच्या वर टिकले म्हणजे गव्हाच्या अंकुराचे हलके खाद्य, पाच मिनिटांत संपेल इतकेच, एक दिवसाआड सुरू करावे. भरपूर प्रथिनांचे उन्हाळी खाद्य १८ अंशांपर्यंत बाजूला ठेवावे. तापमानाची ही शिस्त पुष्कळ जण पाळतात, पण तापमान अनुकूल झाले तरी अमोनियाची किंवा नायट्राइटची नळी रंग दाखवत असेल तोवर खाणे वाढवायचे नाही, ही दुसरी शिस्त फार थोडे जण पाळतात. निरोगी कोई कित्येक आठवडे न खाता सुखरूप राहतो. खाणे थांबवणे हा अमोनियावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद उपाय आहे, आणि तो केव्हा करायचा हे सांगणे हेच माझ्या दृष्टीने या पेटीचे मुख्य मूल्य आहे.

पाण्यात बुडवून काढायच्या कागदी पट्ट्या या पेटीहून सोप्या असतात, एका मिनिटात पाच-सहा रंग दाखवतात आणि त्यांत केएचही असतो. परंतु बऱ्याच पट्ट्यांत अमोनियाच नसतो, म्हणजे वसंतात जे सर्वांत आधी हवे तेच नसते. शिवाय डबी एकदा दमट हवेत उघडी राहिली की पुढच्या सगळ्या पट्ट्यांवरचा विश्वास जातो. जुन्या पट्टीने सुरक्षित दाखवलेले पाणी थेंबांच्या चाचणीत नायट्राइटने गडद जांभळे झालेले मी पाहिले आहे. काही दुकाने पाणी फुकट तपासून देतात, तीही सोय चांगली आहे, मात्र पहाटेचा पीएच दुकान उघडेपर्यंत बाटलीत तसाच राहत नाही.

वसंतात तळे पूर्ण उपसून, दाबाच्या फवाऱ्याने दगड धुऊन देणाऱ्या सेवाही आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे दर काही शे डॉलरपासून पुढे असतात. तळाचा कुजलेला पाला काढणे आवश्यकच आहे, पण दगडांवरचा आणि फिल्टरमधला तपकिरी थर हे तळ्याचे विरजण आहे; ते धुऊन टाकले की सगळी प्रक्रिया पहिल्यापासून सुरू करावी लागते. अशी संपूर्ण साफसफाई झालेल्या एका परिचितांच्या तळ्यात पुढचे सव्वा महिनाभर अमोनियाची नळी हिरवीच येत राहिली. फिल्टरचे स्पंज तळ्याच्याच पाण्यात हलके खळबळून घ्यावेत, नळाखाली धरू नयेत.

पेटीच्या आवाक्याबाहेरचेही बरेच काही आहे. वसंतात माशांची प्रतिकारशक्ती अजून मंद असते, आणि ट्रायकोडिना व कॉस्टिया हे सूक्ष्म परजीवी, कल्ल्यांवरचे कृमी व व्रण करणारे एरोमोनास जीवाणू यांना थंड पाणीही चालते. मासा दगडाला अंग घासत असेल, पर मिटून एका कोपऱ्यात थांबत असेल किंवा खवल्यांखाली लाली दिसत असेल, आणि पाण्याचे सगळे आकडे चांगले असतील, तर प्रश्न पाण्याचा नाही एवढे या पेटीने कळते. पुढचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्यांची आणि त्वचेची तपासणी करणारा पशुवैद्यच देऊ शकतो. अंदाजाने औषध ओतू नये, कारण काही औषधे फिल्टरमधले जीवाणूही मारतात. या ऋतूत नवे मासे थेट तळ्यात सोडू नयेत, हेही इथेच सांगतो. वसंतात उद्भवणारा स्प्रिंग व्हायरेमिया हा विषाणुजन्य रोग अमेरिकेत २००२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कोईंमध्ये आढळला होता. त्यावर औषध नाही आणि तो सरकारला कळवणे बंधनकारक आहे.

महाराष्ट्रात, पुण्यात किंवा नाशिकला, कोई पाळणाऱ्या वाचकांना ही पेटी घेण्यासारखी आहे का, असा प्रश्न साहजिक आहे. तिथे जीवाणू झोपी जातील इतके तळे गार होत नाही, म्हणून वसंतातली ही अडचण तिथे येत नाही. तिथला नाजूक काळ जूनमध्ये येतो : पावसाच्या मृदू पाण्याने केएच झरझर उतरतो, आणि मेच्या उन्हात भरपूर खाऊन वाढलेल्या माशांचा अमोनियाही तेव्हा जास्त असतो. तिथे मी ही मोठी पेटी मागवण्याआधी केएच आणि अमोनिया यांच्या सुट्या चाचण्या घेईन.

घेताना बाटल्यांवरचा लॉट क्रमांक अवश्य पाहावा. त्याचे शेवटचे चार अंक द्रावण तयार झाल्याचा महिना आणि वर्ष दाखवतात. तीन वर्षांपेक्षा जुनी द्रावणे मी वापरत नाही, आणि दुकानात धूळ खात पडलेली पेटी स्वस्त मिळाली तरी घेत नाही. हिवाळ्यात ती गॅरेजमध्ये गोठू देऊ नये, घरात, उन्हापासून दूर आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी, कारण त्यातली काही द्रावणे दाहक आहेत. तपासून झालेले पाणी तळ्यात परत ओतू नये. नळ्या प्रत्येक वेळी स्वच्छ पाण्याने धुऊन, पुढच्या वेळी आधी तळ्याच्याच पाण्याने विसळून घ्याव्यात, आणि झाकणांची अदलाबदल होणार नाही याची काळजी घ्यावी. झाकणाला चिकटून राहिलेला एखादा थेंबसुद्धा दुसऱ्या चाचणीचा रंग बिघडवतो.